पोस्टकार्डावरचा कुरव

पाच वर्षांपूर्वी मी एका माणसाच्या पत्रातलं एक वाक्य जाणूनबुजून गाळलं. आपल्या वार्तापत्राच्या जुन्या वाचकांना तो मजकूर कदाचित आठवत असेल, कारण त्यावर पुष्कळजण हसले होते. आज लिहितो आहे तो प्रवास त्या वाक्यामुळेच घडला. म्हणून ते आधी सांगून टाकतो; नाहीतर पक्ष्यांची नावं लिहीत बसेन आणि मुख्य गोष्ट पुन्हा राहून जाईल.

एकोणऐंशी सालच्या कार्तिकात मला गिरडच्या बाजूच्या एका तलावावरून पोस्टकार्ड आलं. लिहिणारे तुळशीराम, त्या तलावाचे चौकीदार. तलावात पाणी किती आहे ते रोज पाहून वहीत लिहिणं हे त्यांचं मुख्य काम. वर्ध्याच्या आम्हा पाच-सहा पक्षीवेड्यांच्या मंडळाला ते अधूनमधून पक्ष्यांच्या नोंदी पाठवत. या कार्डावर त्यांनी लिहिलं होतं की तलावावर त्यांना एक कुरव दिसला. कुरव म्हणजे समुद्रकाठी राहणारा, कबुतराहून मोठा, पांढरा-करडा पक्षी. मीच त्यांना दिलेल्या चित्रांच्या तक्त्यावरून त्यांनी तो ओळखला होता.

आपला जिल्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, हे चार पानी सायक्लोस्टाइल वार्तापत्र मीच काढतो, आणि त्या दिवसांत आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. मी छापलं : "तलावावर नेहमी दिसणारा नदी सुरय पाहून आमचे चौकीदार मित्र तुळशीराम यांना समुद्र आठवला. आता त्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाठवावं."

कार्डावर शेवटी आणखी एक ओळ होती. "हा पक्षी अर्धा तास पाण्यावर बदकासारखा बसला होता, सुरय तसा बसत नाही." हे अगदी खरं आहे. सुरय पाण्यावर झेपावतो, मासा उचलतो आणि दगडावर किंवा वाळूवर जाऊन बसतो. ती ओळ छापली असती तर माझी थट्टा तिथेच मोडली असती. आणि थट्टा चांगली जमली होती.

त्यानंतर तुळशीरामजींचं कार्ड आलं नाही. मीही चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी दिवाळीत मेहुण्याकडे कोकणात गेलो. त्याच्या घरापासून समुद्र दहा मिनिटांवर. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावर गेलो तर पन्नासेक कुरव लाटांवर बसलेले. लाट आली की वर, गेली की खाली, थेट बदकांसारखे. मी चप्पल हातात घेऊन उभाच राहिलो. जाळं सुकवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "हे कुठून येतात हो?" त्याने समुद्राकडे नव्हे, मागच्या डोंगरांकडे बोट दाखवलं. "वरून येतात. थंडी पडली की घाट उतरून येतात." म्हणजे जमिनीवरूनच. उत्तरेकडून एवढं अंतर तोडून येणाऱ्या पक्ष्याला वाटेत मोठं पाणी दिसलं तर तो उतरणार नाही काय? विज्ञानाच्या मास्तराला हे समजायला कोकणात जावं लागलं.

घरी येऊन कपाटातून ते कार्ड काढलं, आणि तरी आणखी एक वर्ष घालवलं. शेवटी या कार्तिकात निघालो तेव्हा मनाशी एक अट ठरवली होती : तलावावर कुरव आपल्या डोळ्यांनी पाहायचा आणि मग तुळशीरामजींची माफी मागायची. ही अट मला फार वाजवी वाटत होती.

पहाटेची पहिली एसटी. वर्ध्याच्या स्टँडवर लोक कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाड्याभोवती उभे होते. बसच्या खिडकीची काच वर सरकलेली होती ती खाली येईना, त्यामुळे हिंगणघाटपर्यंत सगळी थंडी माझ्या डाव्या कानात. रस्त्याने कापसाने भरलेल्या बैलगाड्या बाजाराकडे निघालेल्या. गाडीवान कापसातच खोल रुतून झोपलेले आणि बैल आपापले चालत होते. हिंगणघाटला उजाडलं. पुढे समुद्रपूरची वाट. आमच्या जिल्ह्यात समुद्र आहे तो एवढाच, एसटीच्या पाटीवर.

हिंगणघाटला एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. गिरडच्या दर्ग्याला नवस फेडायला निघाली होती; मांडीवर रेवड्यांचा पुडा. माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे ती बराच वेळ पाहत होती.

"हे काय व्हय बापा?"

"दुर्बीण. दूरचं जवळ दिसतं यातून."

"अन् जवळचं?"

"जवळचं नाही दिसत नीट."

"मंग काय कामाची?" असं म्हणून तिने मला दोन रेवड्या दिल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागली. नातवाला मूल झालं म्हणून नवस होता. माझ्या येण्याचं कारण तिने विचारलं नाही, ते बरं झालं.

गिरडची टेकडी दिसू लागली आणि फाट्यावर मी उतरलो. तिथून तलाव दोन-अडीच मैल. फाट्यावर कुडाचं एक हॉटेल आहे. चहा सांगितला आणि तलावाचा रस्ता विचारला.

"कोणाकडं जाता जी?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"तुळशीराम चौकीदार."

"म्हंजे समुद्रबाबू!" तो हसला. बाकावर बसलेले दोघेही हसले. "सिध्धे जा. पाळीवर पोचले का खारं पाणी लागन."

"समुद्रबाबू कशाने म्हणता?"

"काय माईत. सगळेच म्हंते. कोण्या तरी पेपरात आलतं म्हंते त्याहिचं."

चहा गरम होता. घाईने प्यायलो तर जीभ भाजली. आमच्या वार्तापत्राच्या ऐंशी प्रती निघतात. त्यातली एक या फाट्यापर्यंत कशी पोचली असेल? तेव्हा कळलं नाही.

पायवाट शेतांतून जाते. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, मधूनमधून तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांवर आलेल्या. तारेवर नीलपंख बसला होता. मी जवळ जाईपर्यंत अगदी मातकट दिसणारा हा पक्षी उडाला आणि पंख उघडले तसा निळ्या रंगाचा झोत निघाला. एका शेतात बायका पहिल्या वेचणीआधीची सीतादही करत होत्या : पऱ्हाटीच्या झाडापाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मगच ओटीत पहिला कापूस घ्यायचा. धुऱ्यावरून (बांधावरून) जाणाऱ्या मला त्यांनी हाक मारली आणि पानावर दहीभात दिला. "रिकाम्या पोटी पुढं जाऊ नका जी, आज कोणाले वापस नाई पाठवाव." उभ्यानेच खाल्ला. दही आंबट आणि थंडगार होतं. भाजलेल्या जिभेला बरं वाटलं.

पाळीवर (तलावाच्या बांधावर) चढलो आणि तलाव एकदम समोर आला. आजवर मी तो वाचला होता, पाहिला नव्हता. दोन टेकड्यांच्या मध्ये पसरलेलं पाणी, दूरचा काठ धुक्यात, आणि धुक्यातून बदकांची कुजबुज येते आहे. पाणी इतकं मोठं आहे की वरून उडणाऱ्या कुठल्याही पक्ष्याला ते दिसेलच. ही गोष्ट पाळीवर उभं राहिल्यावर एका क्षणात पटते. ऐंशी लोकांना हसवण्याआधी मी एकदा इथे येऊन उभं राहायला हवं होतं.

पाळीच्या पायऱ्यांच्या खालच्या टोकाला, पाण्याशी, एक उंच सडसडीत माणूस खाली वाकला होता. कानामागे पेन्सिल, काखेत वही. समोर पाण्यात आकड्यांची काळी-पांढरी पट्टी उभी. तिला इथे गेज म्हणतात.

"नमस्कार, तुळशीरामजी."

"थांबा जी," त्यांनी मागे न वळता म्हटलं.

वाऱ्याने पाणी हलत होतं. लाट वर असताना वाचलं तर आकडा जास्त येतो, खाली असताना कमी. ते तसेच वाकून राहिले. पाणी जरा निवलं तेव्हा मोठ्याने आकडा म्हणाले. पुन्हा थांबले, पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तोच आकडा म्हणाले तेव्हा कुठे पेन्सिल काढून वहीत लिहिला. मग वळले आणि मला ओळखलं. सहा-सात वर्षांपूर्वी वर्ध्याला मंडळाच्या एका बैठकीत आमची एकदाच भेट झाली होती.

"मास्तर? या. चहा झाला काय?"

"तीनदा वाचता?"

"तीनदा पाहाचं, एकदा लिवाचं. माह्या गुरूनं शिकवलं तसं." वही काखेत मारत ते म्हणाले, "पाखरं पाहाले आले ना? चला, ऊन वर आलं का बदकं मधात जाते."

त्यांनी जुन्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मीही काढला नाही. मला आधी कुरव हवा होता.

सगळा पश्चिम काठ आम्ही पायी फिरलो. थापट्या बदकं चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होती. पलीकडे तलवार बदकांचा मोठा थवा, आणि उथळ पाण्यात शेकाटे आपल्या लांब गुलाबी पायांवर सर्कशीतल्या काठ्या बांधलेल्या माणसांसारखे चालत होते. भगव्या रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने वाळूवर उभे. तुळशीरामजींना दुर्बीण लागत नाही. उडण्या-चालण्याच्या पद्धतीवरून ते दुरूनच सांगत, "ते तुतवार व्हय, शेपूट पाहा कशी हालवून राह्यला." मी दुर्बीण लावून पाहायचो आणि ते बरोबर असायचं. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. उन्हाळ्यात तिची अंडी कुठल्या खडकाशी होती हेही त्यांना माहीत होतं.

चालता चालता ओल्या गाळावर माझा पाय गेला आणि मी गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय निघाला, बूट आतच. तुळशीरामजींनी पालथं पडून, खांद्यापर्यंत हात गाळात घालून तो काढला, पाण्यात विसळला आणि माझ्या हातात दिला. "नवा दिसते," एवढंच म्हणाले. पुढचा सगळा दिवस मी एका पायाने पचपच आवाज करत चाललो.

तेवढ्यात एक डोंगा (लहान होडी) काठाला आला. आत नथ्थू नावाचा ढिवर (मासेमार) जाळं गोळा करत होता. आम्हाला पाहताच ओरडला, "काय समुद्रबाबू! पाहुणा आणला काय? भरती किती वाजता हाय आज?"

"तुह्या जाळ्यात काय आलं थे सांग बे."

"दोन मरळ अन् एक खेकडा."

"मंग ओहोटीच हाय तुही. जाय घरी."

नथ्थू खदखदून हसला आणि डोंगा पुढे गेला. तुळशीरामजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पाच वर्षं रोज ऐकलेल्या गोष्टीला रोज द्यायचं उत्तर त्यांनी दिलं होतं. भरतीची थट्टा माझी, शब्द माझे. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी दुर्बीण उचलली आणि विचारलं, "ते पलीकडे काय आहे?"

"वारकरी बदकं," ते म्हणाले. "तीच हाय सकाळपासून."

जेवायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. पाळीखाली एका खोलीचं घर, दारात संत्र्याचं झाड. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई चुलीपाशी होत्या. ज्वारीची भाकर, सांभार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी आणि भेदऱ्याची (टोमॅटोची) चटणी. मी दुसरी भाकर संपवत असताना त्यांनी विचारलं,

"तुमी थेच मास्तर ना, छापणारे?"

"हो."

"मंग अजून एक घ्या. उपाशी माणसाले बोलणं बरं नाई." त्यांनी भाकर वाढली, पदर खोचला आणि समोर बसल्या. "तुमचा कागद सायबाच्या टेबलावर गेलता. कोणी नेऊन देला देव जाणे. साहेब म्हणे, ज्याले तळ्यात समुद्र दिसते त्याचा आकडा खरा काऊन धरावा? महिनाभर दुसरा माणूस धाडला. हे वाचत, थो पाहे. हे लिवत, थो पाहे. सोळा वर्षं झालती नोकरीले, अन् मांगं पहारा! थोच माणूस फाट्यावर बसून सांगत फिरला, समुद्रबाबू, समुद्रबाबू."

"एखादा आकडा चुकला का?" मी विचारलं. आजही या प्रश्नाची लाज वाटते.

"एक बी नाई," त्या म्हणाल्या. "पण मांगं माणूस उभा होता तवा ह्याहिनं पाच पाच डाव पाह्यलं. तीनवर भरोसा नव्हता राह्यला."

"राहू दे," तुळशीरामजी ताटाकडे पाहत म्हणाले.

"राहूच देलं ना पाच वर्षं."

तिसरी भाकर मी खाल्ली. टाकणं शक्य नव्हतं.

माझ्या पिशवीत ते पोस्टकार्ड होतं. तिथेच काढून द्यायला हवं होतं, पण मी अटीला धरून बसलो. कुरव दिसला की सगळं एकदम नीट होईल. वार्तापत्रात ठळक छापू, साहेबाला प्रत पाठवू. पुरावा हातात घेऊन माफी मागितली म्हणजे माफीलाही वजन येईल, असं मी स्वतःला समजावत होतो.

दुपारभर आम्ही दक्षिणेकडच्या खडकावर बसलो. तुळशीरामजींनी बोटाने जागा दाखवली. "थे तिथं होतं, बाभळीच्या सरळ रेषेत." दिवसभरात त्या पक्ष्याविषयी ते पहिल्यांदाच बोलले, आणि त्याचं नाव घेतलं नाही. एक नदी सुरय आला, दोनदा झेपावला, चोचीत मासा घेऊन वाळूवर गेला. तो पाण्यावर बसला नाही. ऊन उतरलं. शेवटची एसटी फाट्यावरून साडेपाचला होती. चारच्या सुमाराला मी घड्याळ पाहायला लागलो.

आणि मग बाभळीच्या रेषेतच, फार दूर, पाण्यावर एक पांढरा ठिपका दिसला.

मी दुर्बीण लावली. सूर्य समोर होता. सगळं पाणी चकाकत होतं. ठिपका वर-खाली होत होता. पक्षी असेल, तुटलेल्या जाळ्याच्या बुचाचा तुकडा असेल, फेसही असेल. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. शेजारी तुळशीरामजी उठून उभे राहिले होते.

"काय दिसलं, मास्तर?"

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं. "कुरव!" असं मी म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता. एका शब्दात त्यांचं नाव साफ होणार होतं, माझंही. साहेब, नथ्थू, हॉटेलवाला, सगळ्यांची तोंडं बंद. आणि खोटं बोलून कोणाचं नुकसानही होणार नव्हतं.

"मले तं नाई ओळखू आलं," तुळशीरामजी हळू म्हणाले. "तुमाले?"

त्यांना तो पक्षी माझ्याहून कितीतरी जास्त हवा होता. तरी पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं की ओळखू आलं नाही. मी दुर्बीण खाली केली.

"मलाही नाही आलं."

ठिपका चकाकीत विरून गेला. पुन्हा दिसला नाही. तुळशीरामजी परत खाली बसले.

कुरव आला असता तर मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता आणि त्याला तुळशीरामजींवरचा विश्वास म्हटलं असतं. खडकावर बसूनच मी पिशवी उघडली, कार्ड काढलं आणि ती शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवली.

"तुळशीरामजी, ही ओळ मी वाचली होती. समजलीही होती. छापली असती तर माझी थट्टा बिघडली असती म्हणून मी ती गाळली. पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. आज मी कुरव पाहिला नाही. तुम्ही पाहिला होता. माझं चुकलं, मला माफ करा."

त्यांनी कार्ड घेतलं आणि लांब धरून पाहिलं. वाऱ्याने त्याचं टोक हलत होतं.

"अक्षर चांगलं होतं माहं तवा," ते म्हणाले.

काठावर धोबी पक्षी शेपूट हलवत दगडावरून दगडावर जात होता.

"मले वाटे, डाकेत कुठंतरी कारड भिजलं असन. शेवटची ओळ पुसली असन. म्हणून तुमी तसं लिवलं." त्यांनी कार्ड मला परत दिलं. "पाच वर्षं मी थेच धरून चाललो. हिलेही थेच सांगत होतो. मास्तर असं करणार नाई म्हणे मी."

साहेब त्यांच्या सोळा वर्षांच्या आकड्यांवर शंका घेत होता तेव्हाही हा माणूस माझ्यावर घेत नव्हता. भिजलेल्या कार्डाचा तो आधार मी आज त्यांच्याकडून काढून घेतला होता.

"मग पुन्हा लिहून का नाही पाठवलंत?" मी विचारलं.

"तुमाले वाटलं असतं, भांडाले आला." ते उठले, धोतर झटकलं. "चला. रब्बीचं पाणी सोडलं का संध्याकाळी बी गेज घ्या लागते."

पाळीवरून आम्ही चाललो. माझ्या बुटाचा पचपच आवाज तेवढा येत होता. पायऱ्या उतरून पाण्याशी पोचलो. तुळशीरामजी वरच्या पायरीवर थांबले. कानामागची पेन्सिल काढली, वही उघडली आणि मला म्हणाले,

"वाचा."

"मी?"

"घाई करू नका. पाणी निवू द्या."

मी वाकलो. लाट आली, गेली. पाणी निवलं तेव्हा आकडा मोठ्याने म्हटला. थांबलो, पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदाही आकडा तोच होता. वळून पाहिलं तर ते लिहीत होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"तुम्ही नाही पाहणार?"

"तुमी पाह्यलं ना? तीनदा?"

"हो."

"मंग झालं," ते म्हणाले आणि वही मिटली.

फाट्यापर्यंत सोडायला आले. वत्सलाबाईंनी संत्री बांधून दिली होती, देताना त्या फक्त म्हणाल्या, "सांगतलं काय?" मी हो म्हटल्यावर, "मंग पुढच्या वेळेस बायकोले घेऊन येजा." एसटी येताना दिसली तेव्हा मी तुळशीरामजींना विचारलं, वार्तापत्रात काय छापू?

"माफी-गिफी नका लिवू जी. जे गाळलं थे लिवा."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. हिंगणघाटपर्यंत उभा होतो. बूट अजून ओला होता. खिडकीबाहेर अंधारत्या शेतांत कापूस तेवढा पांढरा दिसत होता. चाळीस जातींचे पक्षी दिसले त्या दिवशी; पूर्ण यादी पुढच्या पानावर आहे. माझ्या आजवरच्या याद्यांत एवढी चांगली यादी नाही, आणि तिच्यात कुरव नाही. समुद्राकाठी पन्नास कुरव पाहिले तेव्हा मला आपण चुकलो हे कळलं होतं. पण कळणं आणि जाऊन सांगणं यांत मी एक वर्ष घालवलं, आणि तलावावर पोचल्यावरही अर्धा दिवस.

तुळशीरामजींनी सांगितलं तसं खाली छापतो आहे. शेवटची ओळ मात्र त्यांचं न ऐकता.

दुरुस्ती. एकोणऐंशी सालचा कार्तिक, गिरडजवळचा तलाव. कुरव, एक. पाहणारे : तुळशीराम, चौकीदार. "हा पक्षी अर्धा तास पाण्यावर बदकासारखा बसला होता, सुरय तसा बसत नाही." हे वाक्य त्यांच्या कार्डावर स्वच्छ अक्षरात होतं. कार्ड भिजलेलं नव्हतं.

तुळशीरामजी, माझं चुकलं.